दत्ताराम भाऊजी, पाइप उकरला

भाऊजी, पोलादपूरच्या स्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला आहे. माझ्या दुकानाच्या पायरीवरून सरळ दिसतो. वरती नेतेमंडळी, हात जोडलेली, गुबगुबीत. मधे 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि खाली कोपऱ्यात तुम्ही, आधारकार्डावरच्या फोटोतले, कुणीतरी नुकतंच दरडावल्यासारखे. शोकाकुल म्हणून जी नावं छापली आहेत त्यांत आपल्या नळयोजनेचा ठेकेदार पहिला. ज्या माणसाच्या तुम्ही हात धुऊन मागे लागला होतात, त्याला तुमच्या जाण्याचं एवढं दुःख झालं आहे. पहिल्या दिवशी ते वाचून मी हसले. मग शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले. गिऱ्हाइकं आली तशी परत गेली.

तुम्ही गेलात ते अगदी तुमच्या स्वभावाविरुद्ध, काही न बोलता. दुपारी जेवून ओटीवर लवंडलात, सुनेने चहाला हाक मारली तर उठलातच नाहीत. जो येतो तो म्हणतो, सोन्यासारखं मरण आलं. आलं असेल. पण आदल्या दिवशी दुकानातून निघताना तुम्ही मला म्हणाला होतात, "वैनी, तुझ्या बोलन्यावर माझ्याकडं उत्तर हाय. आता गाडी सुटंल, उद्या सांगतो." ते उत्तर तुम्ही बरोबर घेऊन गेलात. मला याचा राग आहे. हा राग गावात कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

वाद काही नवा नव्हता. मुंबईच्या गोदीतली नोकरी संपवून तुम्ही गावी आलात तेव्हापासून तो चालू होता. माझे यजमान तुमचे शाळासोबती. ते गेल्यावर मी हे झेरॉक्सचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं वर्षभर तुम्ही रोज सकाळच्या गाडीने येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत होतात. मशीन दुरुस्त करायला येणारा माणूस मला काहीबाही सांगायला लागला की तुम्ही पेपरातून मान वर काढून नुसतं "काय रे?" म्हणायचात, आणि तो लगेच खरं बोलायला लागायचा. मला एकटीला बघून कुणी फसवू नये म्हणून तुम्ही बसत होतात, हे मला कळत होतं. आभार मानले असते तर तुम्ही स्टूल उचलून बाहेर नेऊन बसला असतात. तेव्हा मानले नाहीत, आता मानते.

त्या स्टुलावर बसूनच तुम्ही तुमचे अर्ज लिहायचात. माहितीचा अधिकार, जोडपत्र, स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. आणि मी त्यांच्या प्रती काढताना म्हणायचे, "भाऊजी, तुम्ही एकटेच आहात. लोकांना हे नको आहे."

"लोकांना नको असं कसं म्हनतेस? हिसाब कुनाला नको असतो?"

"माझ्या दुकानात बसून बघा ना कुणाला काय हवंय ते. उत्पन्नाचा दाखला हवाय, रेशनकार्डात सुनेचं नाव हवंय, साहेबांच्या वाढदिवसाचा फलक हवाय, त्यात स्वतःचा फोटो हवाय. कारभार सुधारा असा अर्ज घेऊन तुमच्याशिवाय या दुकानाची पायरी कुणी चढलेलं नाही."

"दाखला मागायला येतो तो पन सिस्टीमलाच कंटाळलेला असतो वैनी."

"कंटाळलेला असतो, म्हणून तर तो ओळखीचा माणूस शोधतो. सिस्टीम बदलली तर त्याची ओळख फुकट जाईल. ते त्याला नको आहे."

यावर तुम्ही पेपरात डोकं खुपसायचात. मी जिंकले असं वाटायचं आणि बरंही वाटायचं, आता उगाच खोटं कशाला बोलू.

माझ्या बाजूने पुरावे भरपूर होते. आपली ग्रामसभा घ्या. तुम्ही वेळेआधी जाऊन पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसायचात, बाकीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. सभा तहकूब म्हणून सांगितलं की तुम्ही म्हणायचात, "मी एकटा हाय, पन हाय ना? माझं लिवून घ्या." मग तहकूब सभेच्या सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जायच्या आणि आपली माणसं भाकरी परतता परतता सही करायची. मतदानाआधी तर मुंबईला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाचा फोन आला की गावाने ठरवायचं काही उरायचंच नाही. मतदारांची गाडी तिकडून सुटायची, चहा-नाश्ता गाडीतच. ती माणसं वाईट आहेत असं मी कधी म्हटलं नाही. त्यांना भांडण नको असतं, आणि गावात कोण कुणाचं लागत नाही हे शोधावं लागतं. हिशेब मागायचा म्हणजे कुणाच्या तरी मामाला, जावयाला, चुलत्याला मागायचा.

नळयोजनेच्या वेळी मात्र मला वाटलं होतं, आता लोक बोलतील. टाकी बांधली, आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाने काळा पाइप वरच्या वाडीपर्यंत गेला, नारळ फुटला, नळाला पाणी आलं, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात पाइप जागोजागी फुटला आणि होळीच्या सुमाराला वरच्या वाडीचे नळ कोरडे पडले. तिथल्या बायका पुन्हा हंडे घेऊन खालच्या झऱ्यावर यायला लागल्या. ती सगळी गुरंवाली माणसं, घरटी म्हशी. माणसांआधी जनावरांना पाणी लागतं. पाइप पुरेसा खोल पुरलेला नाही, गुरांच्या खुरांनी सांधे निखळतात, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून सांगत होतात.

आणि आपल्या गावाने काय केलं? ठेकेदाराला देवळात बोलावलं. देवीसमोर नारळावर हात ठेवायला लावला आणि सांगितलं, शपथ घे, काम चोख केलंय म्हणून. त्याने बूट काढले, हातपाय धुतले, डोळे मिटून शपथ घेतली. झालं. त्यानंतर पाइपाचं नाव काढायचं म्हणजे देवीवर अविश्वास दाखवणं झालं. खोटं बोलला असेल तर देवी त्याचं बघून घेईल, असं म्हणून सगळे प्रसाद घेऊन घरी गेले.

तुम्ही तेवढे देवळाच्या पायरीवर उभे राहून ओरडलात, "देवी काय कुदळ घेऊन पाइप उकरून बघनार हाय काय?" लोक तुमच्यावर चिडले. तुकारामबुवा, ज्यांच्या घरात पालखीचा मान आहे आणि जे तुमच्याबरोबर विटीदांडू खेळले, तेही कितीतरी दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. मी दुकानात म्हटलं, "बघितलंत? ज्यांचं पाणी गेलं तेसुद्धा तुमच्यावर रागावले. आता तरी माना."

तुम्ही मानलं नाहीत. उलट त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. "वैनी, देवळात बोलावलं म्हनजे विचारलं ना? विचारायची इच्छा नसती तर बोलावलं कशाला असतं? विचारायची एकच रीत ठावी हाय लोकांना. ती रीत तोकडी पडते, पन इच्छा खोटी नाय." मग तुम्ही पालखीचं उदाहरण दिलंत. शिमग्यात पालखी घरोघर फिरून आली की सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या जागेवर, हिशेबाची बैठक होते. कुठल्या घरून किती नारळ आले, तांदूळ कुणी आणले, ढोलवाल्यांना काय दिलं, सगळं मोठ्याने वाचलं जातं. एक समई इकडची तिकडे झाली तर दुपारपर्यंत वाद चालतो. मुंबईची माणसं रजा वाढवून थांबतात त्या बैठकीला. "हीच मानसं," तुम्ही म्हणालात, "नारळाला नारळ जुळवून घेतात. यांना हिसाब नको असतो काय?"

"देवाचा हवा असतो. सरकारचा नको असतो."

"कारन देवाचं आपलं वाटतं, सरकारचं परक्याचं. म्हनून म्हनतो, पान्याचा हिसाब पन सहानेवरच मागायचा. पालखीचा झाला की लगेच."

पुढे एकदा बुवा दुकानात आले तेव्हा त्यांनी ते उडवून लावलं. देवाच्या जागेवर सरकारी काही नको म्हणाले. तुम्हाला लागलं ते, मला चेहऱ्यावर दिसलं. तुम्ही चहा अर्धा ठेवून गेलात.

दर मार्चात तुम्ही महाडला चवदार तळ्यावर जायचात. गोदीतले तुमचे जुने सोबती मुंबईहून यायचे, त्यांच्याबरोबर त्या गर्दीत उभे राहून, पाण्याला हात लावून तुम्ही संध्याकाळी परत यायचात. मी एकदा खवचटपणे विचारलं होतं, तुमचं तिथे काय काम. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "पानी सगळ्यांचं हाय, हे सांगायला मानसं तिथं आली होती. त्या टायमाला गावोगाव जाऊन विचारलं असतं, बाबांनो, तुम्हाला हा बदल हवाय काय, तर किती हात वर झाले असते? तुझ्या-माझ्या आज्यांचे झाले असते?"

मी म्हटलं, नसते झाले. दुसरं काय म्हणणार? आपल्या आज्यांकडे जमिनी होत्या, विहिरी होत्या.

"मग लोकांना हवं हाय काय, असा सवाल कुनाला विचारायचा? ज्याला तहान लागलीय त्यालाच ना?"

मी म्हटलं, ती गोष्ट निराळी, तिथे माणूस म्हणून उभं राहायचा प्रश्न होता, इथे एका पाइपाचा आहे. दोन्ही एका तराजूत घालू नका. तुम्ही म्हणालात, हे तुझं बरोबर हाय. तुमच्याशी भांडायला मजा याची यायची, भाऊजी. दुसऱ्याचं बरोबर असलं तर तसं म्हणायचात. फ्लेक्सवर हे कुणी लिहिलं नाही.

आता जे आपण दोघं कधीच बोललो नाही, ते लिहिते.

पाइपाचा चर माझ्या मुलाच्या, महेशच्या जेसीबीने खणला होता. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत त्याचं पिवळं मशीन त्या उतारावर चालत होतं. ठेकेदाराने त्याला काम दिलं तेव्हा मीच पेढे वाटले, तुम्हीही खाल्लेत. पाइप फुटायला लागल्यावर तुम्ही अर्जात ठेकेदाराचं नाव लिहायचात, योजनेचं लिहायचात, तपासणी करा म्हणून लिहायचात. महेशचं नाव कधी लिहिलं नाहीत. आणि ते अर्ज माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनवर, माझ्याच हाताने निघत होते. चर किती खोल होता हे मला घरी जाऊन जेवायच्या पाटावर विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. तुम्हीही मला कधी म्हणाला नाहीत की वैनी, महेशला विचार. लोकांना हिशेब नको आहे, असं मी एवढ्या ठासून का म्हणायचे, हे तुम्हाला समजलं होतं का? समजलं असणार. तुम्ही दुसऱ्याचा चेहरा वाचायचात. तरी रोज येऊन स्टुलावर बसलात आणि माझ्याशी लोकांविषयी वाद घालत राहिलात. तुमचं जे उत्तर राहिलं ते याच्याशी लागून होतं की काय, हा किडा माझं डोकं पोखरतो आहे.

तुमच्यानंतर शिमगा आला. तुम्ही नाही म्हणून कुणी आमच्या वाडीत फारसे ढोल वाजवले नाहीत. पालखी तुमच्या दारात मात्र जरा जास्त वेळ थांबली. मग हिशेबाची बैठक झाली. आम्ही बायका नेहमीसारख्या मागच्या कट्ट्यावर. महेश खांबाला टेकून मोबाईल बघत होता. वरच्या वाडीची माणसं दरवर्षीप्रमाणे कडेला, मांडवाच्या सावलीत जेमतेम बसलेली. नारळ झाले, तांदूळ झाले, समईची वात कुणी ठेवायची यावर हसत-खेळत भांडण झालं. आता आटपलं असं वाटून माणसं उठायला लागली, तेवढ्यात बुवांनी हात वर केला.

"बसा जरा." मग ते माझ्याकडे वळले. पुरुषांच्या बैठकीत असं वळून कुणी बायकांशी बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांच्याच माना वळल्या. "वैनी, येक विचारायचं हाय. तू नको म्हनालीस तर ऱ्हायलं. दत्ताराम होता तवर पान्याचं तोच विचारायचा, आमी आपले गप. आता तो नाय. मग विचारायचं कुनी?"

मी खांबाकडे, महेशकडे बघितलं.

"आमच्या मनात नव्हतं असं नाय गो," बुवा म्हणाले. "तुझ्या घराकडं बघून गप होतो. बाईमानूस एकटी ऱ्हायली, पोरगा कुठं धंद्याला लागलाय, त्याच्यावर गाव कशाला उठवायचं, असं सगळ्यांनाच वाटत होतं."

माना डोलल्या. भाऊजी, त्या क्षणी मला रडू यावं की राग यावा कळेना. इतके दिवस मी म्हणत होते, यांना हिशेब नको आहे. आणि हे म्हणत होते, आम्हाला हवा होता पण तुझ्यासाठी सोडून दिला. खरं किती आणि सोयीचं किती? ठेकेदाराशी वाकडं घ्यायचं नाही म्हणून गप बसलेल्यांनासुद्धा आता माझं घर पुढे करायला मिळालं. हेही मला दिसत होतं. तरी बुवांच्या आवाजात खोटं नव्हतं. महेशने मोबाईल खिशात ठेवला होता आणि तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी मास्तर घरी आले की बघायचा तसा. मी नको म्हणावं असं त्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. नको म्हणणं सोपं होतं, सगळ्यांनी मला तशी मोकळी वाट करून दिली होती.

तेव्हा कडेला बसलेली वरच्या वाडीची हौसाबाई बोलली. ती उभीही राहिली नाही, तिथूनच म्हणाली, "वैनीच्या घराकडं सगळ्यांनी बघितलं. आमच्या हंड्याकडं कुनी बघितलं नाय."

 मी म्हटलं, "विचारा." पुढच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हटलं.

बुवांनी महेशला विचारलं, "पाइप किती खोल हाय, बाबा?" महेश म्हणाला, "सकाळी या वर. दाखवतो." आणि तो निघून गेला. घरी तो जेवला, पण माझ्याशी बोलला नाही.  एवढंच म्हणाला, "आई, तू नको येऊस." मी म्हटलं, येणार.

सकाळी निम्मा गाव वर होता. महेश मशीन न आणता खांद्यावर कुदळ टाकून आला आणि गुरांच्या वाटेशेजारी स्वतःच खणायला लागला. फार खणावं लागलंच नाही. वरची माती आणि थोडे दगड सरकले आणि काळा पाइप दिसला. बुवांनी वाकून हात टेकवला, बोटं पसरली आणि म्हणाले, "वीतभर पन नाय." महेशने थोडं पुढे जाऊन पुन्हा खणलं. तिथेही तेच. कुणी ओरडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मला वाटत होतं, कुणीतरी त्याला शिवी द्यावी म्हणजे मी मधे पडेन. ऊन चढलं होतं. महेश घामाघूम होऊन दगडावर बसला, तेव्हा हौसाबाईने झऱ्यावरून भरून आणलेल्या हंड्यातून तांब्या बुडवला आणि त्याच्यापुढे धरला. तो मान खाली घालून प्यायला. माझ्या पोराला तसं पाणी पिताना मी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायचं नाही.

मग तो बोलला. खाली कातळ लागला होता. कातळ फोडायला दुसरं मशीन लागतं, ते आणायला ठेकेदार तयार नव्हता. वरून घाई आहे, उद्घाटनाला साहेबांची वेळ ठरली आहे, वरवर पाइप टाक आणि माती लोट, कोण बघायला येतंय, असं त्याला सांगितलं होतं. त्याने ऐकलं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "पण मला सांगितलं ते मी केलं."

आणि भाऊजी, इथे तुम्ही हवे होतात. कारण इथपर्यंत तुमचं खरं ठरत आलं होतं. लोकांनी विचारलं होतं, उकरलं होतं, बघितलं होतं. पण वरून घाई होती म्हटल्यावर एकेकाची नजर पायाकडे गेली. मुंबईहून आलेला मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, "अ‍ॅक्च्युली, आता त्या लेव्हलला जाण्यात पॉइंट नाही. देवळाच्या सभामंडपाचं काम साहेबांकडेच अडकलेलं आहे." दुसरा म्हणाला, पोरगा आपलाच आहे, कबूल झालाय, मशीन लावून नीट करून देईल, विषय मिटला. बघता बघता सगळ्यांचे चेहरे सैल झाले. गावाने हिशेब घेतला होता, चूक सापडली होती, ज्याची चूक तो समोर बसला होता. माणसं धोतराची, पँटची माती झटकायला लागली. माझं म्हणणंही खरं ठरलं, ते असं. तुम्ही असतात तर काय बोलला असतात? मी तुमचं ते राहिलेलं उत्तर आठवायला गेले, जणू ते मला एकदा सांगून झालं होतं.

ते काही आलं नाही. माझंच आलं. मी म्हटलं, "माझ्या पोराने सगळ्यांसमोर सांगितलं, चुकलं म्हणून. तो पाइप पुन्हा पुरेल, मी पुरायला लावीन. पण ज्याने त्याला माती लोटायला सांगितलं, आणि ज्याला उद्घाटनाची घाई होती, त्यांनाही इथेच बोलवा. याच खड्ड्यापाशी. एकट्या माझ्या पोराने का खाली बघायचं?"

बुवा म्हणाले, "बघू." आपल्या गावात बघू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. माणसं उतरायला लागली. हौसाबाई आणि तिच्या वाडीच्या बायका थांबल्या, त्यांना कुठे जायचं होतं? त्यांची घरं तिथेच आहेत. महेश माझ्याकडे बघत होता. तो रागावलेला आहे की काय आहे, मला अजून कळलेलं नाही. काल त्याने कातळ फोडायचं मशीन महाडहून आणलं. ठेकेदाराचा फोन तो उचलत नाही. धंदा बसेल त्याचा, हे मला माहीत आहे.

तेव्हा भाऊजी, लोकांना खरंच हवं आहे का, हा आपला वाद मी इथेच सोडून देते. लोकांचं मला सांगता येणार नाही, तुम्हालाही येत नव्हतं, आपण दोघं उगाच गावाच्या वतीने बोलत होतो. तुम्हाला हवं होतं, तेवढं खरं. मला नको होतं, कारण माझ्या घरात उत्तर होतं. आता ते उत्तर घराबाहेर पडलं आहे, सगळ्यांनी बघितलं आहे, आणि घरात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आज सकाळी दुकान उघडून मी पहिला अर्ज लिहिला. त्यात महेशचं नाव पहिलं लिहिलं, त्याला विचारून. त्याच्यापुढे ठेकेदाराचं. त्याच्यापुढची, उद्घाटनाची घाई होती त्या साहेबांच्या नावाची जागा जरा वेळ कोरी ठेवली होती. मग तेही लिहिलं.